चटईएवढे मैदान



आरंभीच एक गोष्ट कबूल करते. मी व्यायामशास्त्राची जाणकार नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन मराठी आणि इतिहास हे विषय शिकवावयास मी या पेशात आले. शाळेच्या मैदानाशी माझा संबंध म्हणाल, तर वार्षिक क्रीडास्पर्धांच्या वेळी कागदावर गुण उतरवून घेण्यापुरताच. तरीही या अंकासाठी मी व्यायामावर लिहावयास बसले आहे, याचे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक. ती सांगितल्यावाचून माझे म्हणणे तुम्हांस पटावयाचे नाही. म्हणून प्रथम तीच सांगते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि जून उजाडला तरी शाळेची घंटा काही वाजली नाही. तुमच्यापैकी कित्येक जण त्या वेळी प्राथमिक शाळेत होते. फळा, खडू, बाके सारे मागे राहिले आणि शिक्षण मोबाईलच्या पडद्यावर आले. तासांची वाटणी होताना आठवीच्या शारीरिक शिक्षणाचा तास माझ्या वाट्यास आला. मी काय केले? शाळेच्या मैदानावर जे चालते, तेच पडद्यावर आणले. सावधान, विश्राम, हात वर, हात खाली! आणि मुले खरोखर व्यायाम करतात की नाही हे कळावे, म्हणून आठवड्यातून तीन वेळा व्यायामाची चित्रफीत पाठविण्याचा नियम घालून दिला. चित्रफीत आली की नोंदवहीत हजेरीची खूण. न आली की लाल शाईने ‘गैरहजर’.

एका मुलाची चित्रफीत न चुकता येत असे. त्याच्या नियमितपणाचे मी सर्वांसमक्ष कौतुकही केले. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की दर वेळी अंगातला सदरा निराळा असला, तरी मागच्या भिंतीवरचे घड्याळ मात्र सव्वासातच दाखवीत आहे; फार तर सात वाजून वीस मिनिटे! पठ्ठ्याने एकाच सकाळी सदरे बदलून बदलून पंधरवड्याचा व्यायाम उरकून टाकला होता. त्याच्या कल्पकतेचे मला हसू आले. पण ते हसू फार काळ टिकले नाही.

कारण त्याच वर्गातील एका मुलीची एकही चित्रफीत आली नव्हती. मी तिच्या वडिलांच्या फोनवर जरा कडक शब्दांत निरोप ठेवला. त्याला उत्तर आले नाही. पुढे ऑगस्टमध्ये पाठ्यपुस्तके पोहोचविण्याच्या निमित्ताने मी तिच्या घरी गेले. डोंगराच्या उतारावरचे घर. खोल्या दोन आणि माणसे सहा. घरात फोन एकच, तोही वडिलांबरोबर सकाळी कामावर जाई आणि रात्री आठला परत येई. मी पोहोचले तेव्हा ती मुलगी विहिरीवरून पाणी आणीत होती. कमरेवर एक कळशी, दुसऱ्या हातात बालदी. विहीर खाली, घर वर, आणि मधे चिऱ्यांच्या बेचाळीस पायऱ्या. त्या मी नंतर मुद्दाम मोजल्या. एकदाच चढले आणि मला दम लागला.

“दिवसातून किती खेपा करतेस?” मी विचारले.

“सकाळी दहा, संध्याकाळी सहा. पाहुणे आले तर जास्त, बाई.”

आणि माझ्या नोंदवहीत ही मुलगी गैरहजर होती! ओशाळून मी म्हटले, “मग तुझा व्यायाम आम्हां सर्वांहून अधिक होतो.”

तिने कळशी खाली ठेवली. क्षणभर विचार करून म्हणाली, “व्यायाम होतो, बाई. पण खेळ नाही होत.”

मित्रहो, व्यायामावरची पुस्तके मी नंतर वाचली. पण त्या एका वाक्याने मला जे शिकविले ते कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. माझे मत थोडक्यात असे आहे: घरच्या व्यायामाची योजना मुलाचे घर पाहून आखली पाहिजे, तिचा पाया पुराव्यावर नव्हे, तर विश्वासावर असला पाहिजे, आणि तिच्यात मुलाच्या वाट्याला कष्टांखेरीज खेळही आला पाहिजे. या तिन्हींपैकी एकही गोष्ट माझ्या योजनेत नव्हती.

यावर कोणी विचारील, “साथ सरली, शाळा उघडल्या, आता या जुन्या गोष्टी उगाळून काय लाभ?” हा प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात शाळेचे मैदान म्हणजे निव्वळ चिखल. अतिवृष्टीमुळे शाळेस सुट्टी मिळते ती वेगळीच. परीक्षा जवळ आली की पालकच खेळ बंद करतात. म्हणजे साथ असो वा नसो, वर्षातले कित्येक महिने मुलाचे मैदान घरातच असते. शिवाय हे दुखणे साथीच्या आधीपासूनचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१६ साली जगातील ११ ते १७ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुलांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींत ८५ टक्के. साथीने आपणांस घरात कोंडले खरे; पण आपण बसून राहावयास त्यापूर्वीच शिकलो होतो.

तर मग योजना कशी असावी? मला सुचते ते क्रमाने मांडते.

पहिली गोष्ट वेळेची. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्याने सांगितले, की ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोमदार हालचाल करावी. आणि आठवड्यातून किमान ३ दिवस दम लागेल असे, तसेच स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम त्यात असावेत. साठ मिनिटे म्हटले की मुले घाबरतात आणि पालक घड्याळाकडे पाहतात. परंतु ही साठ मिनिटे एकदमच काढली पाहिजेत असे नाही. सकाळी पंधरा, अभ्यासाच्या मधल्या दोन सुट्ट्यांत दहा-दहा आणि संध्याकाळी पंचवीस, अशी बेरीज सहज जुळते. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास पडद्यावर घ्यावेत असे सांगितले होते. नववी ते बारावीसाठी चार. वेळ नव्हता असे आपण म्हणू शकत नाही. वेळ होता, तो कसा वापरावा हे आम्ही सांगितले नाही.

हालचाल मध्यम आहे की जोमदार, हे ओळखावयास कोणतेही यंत्र नको. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तर ती मध्यम. चार शब्दांतच श्वास घ्यावयास थांबावे लागते, तर ती जोमदार. तिसरीतल्या मुलासही ही खूण कळते.

दुसरी गोष्ट जागेची. जे ऐसपैस बंगल्यातल्या मुलास जमते पण दोन खोल्यांच्या घरातील मुलास जमत नाही, ती शाळेची योजना नव्हे. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे: एका चटईवर मावेल तेच सांगावयाचे. या बाबतीत आपण दरिद्री नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार आपल्या शाळाशाळांतून केला, त्याचे एक कारण हेच की नमस्कारास ना साधन लागते ना मैदान. चटई अंथरली की झाले. त्याच चटईवर बैठका होतात, एका पायावर तोल सांभाळता येतो, जागच्या जागी धावता येते. जोर काढणे कोवळ्या मुलांस एकदम जमत नाही. त्यांनी प्रथम भिंतीस हात टेकून जोर काढावेत. महिन्याभराने पक्क्या बाकावर हात ठेवून. आणि मग जमिनीवर. उंबरठा किंवा दारची पायरी असेल, तर पाय आळीपाळीने वर ठेवून चढ-उतार करावा. सुंभाची दोरी असेल तर दोरीवरच्या उड्या माराव्या. ज्या मुलास चालता येत नाही, त्याने बसल्या जागी हातांचे व्यायाम करावे आणि भावंडांबरोबर चेंडू फेकावा-झेलावा. त्याच्यासाठी निराळी ओळ लिहावयास शाळेने विसरू नये.

तिसरी गोष्ट चढत्या क्रमाची. पहिल्याच दिवशी पन्नास नमस्कार घालून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरणारे वीर मी पाहिले आहेत. पहिल्या आठवड्यात सहा नमस्कार पुरेत. पुढे दर आठवड्यास दोन वाढवावे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे नमस्कार, जोर, बैठका यांचे. मंगळवार आणि गुरुवार पायऱ्या, दोरीच्या उड्या, जागच्या जागी धावणे अशा दमाच्या व्यायामांचे. शनिवार निव्वळ खेळाचा. रविवारी पाऊस नसेल तर घरच्यांबरोबर दूरवर फिरावयास जावे. प्रारंभी पाच मिनिटे अंग मोकळे करावे आणि शेवटी पाच मिनिटे श्वास संथ होऊ द्यावा. ताप असेल तर विश्रांती. मोठ्या आजारातून उठल्यावर आणि दम्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज धावाधाव नको. जेवणावर लगेच व्यायाम नको. ओल्या फरशीवर आणि शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवर तर उडी मुळीच मारू नये. मासिक पाळीच्या दिवसांत व्यायाम करावा की नाही, हे त्या मुलीने आपल्या शरीराचे ऐकून ठरवावे. तिला कोणी बळेच बसवू नये आणि बळेच उठवूही नये.

चौथी गोष्ट खेळाची, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. माझी मातृभाषा कोंकणी. लहानपणी आम्ही जेवावयास कुरकुर केली की आजी म्हणे, “आंग हालयल्यार भूक लागता!” अंग हलविले की भूक लागते, एवढाच त्याचा अर्थ. पण अंग हलवा म्हणून तिने आम्हांस कधी कवायत करावयास लावली नाही. ती आम्हांस अंगणात पिटाळी. तेथे लगोरी असे, मुलगे कोयंडो-बाल खेळत, म्हणजे आपला विटीदांडू. चतुर्थीच्या दिवसांत बाहेर पाऊस कोसळत असला, तरी घरात फुगडी रंगे. फुगडीचा विचार करून पाहा. दोघींनी हात गुंफावयाचे, पाय जुळवावयाचे, अंग मागे झोकून गरगर फिरावयाचे, आणि श्वास चढला की ‘फू’ म्हणून ताल धरावयाचा. तोल, दम, हातापायांचे बळ आणि परस्परांवरचा विश्वास, सारे त्यात आहे. आणि जागा लागते ती दोन चटयांएवढी. झिम्म्याचेही तसेच. लंगडी, आंधळी कोशिंबीर हे खेळ तर घरातली बाके बाजूस सारली की खेळता येतात. फुगडी मुलींनीच घालावी असा काही दंडक नाही. भाऊ-बहीण, आई-लेक, फार काय आजी-नात, कोणीही घालावी. पडद्यावरच्या व्यायामात मूल एकटे असते. खेळात ते कोणाचे तरी सोबती असते. शाळा बंद असताना मुलांना सर्वांत अधिक उणीव भासली ती याच सोबतीची.

येथे पालकांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. घरकाम हा व्यायाम आहे काय? होय, आहे. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मुलांच्या हालचालीत घरकामाची गणना करते. पाणी भरणे, अंगण झाडणे, बागेत खणणे यांची नोंद शाळेने मानाने घ्यावी. आणि जी मुले हे रोज करतात त्यांना गैरहजर लेखू नये. परंतु मला सांगा, सोळा खेपा करणाऱ्या त्या मुलीचा थोरला भाऊ त्या वेळी काय करीत होता? तो ओट्यावर बसून मला नमस्कार करीत होता. मुलगा चांगला होता. विहिरीकडे जाणे हे आपले काम आहे असे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. त्याने आठ खेपा केल्या असत्या, तर त्यास व्यायाम मिळाला असता आणि बहिणीस खेळावयास अर्धा तास. एकाच कळशीत दोघांचे भले होते. जगभर मुलींच्या हालचालीचे आकडे मुलांपेक्षा खाली का, याची कारणे अनेक असतील. पण त्यांतले एक आपल्या अंगणातच सापडेल. मुलगी काम करून दमते त्यास आपण व्यायाम म्हणतो, आणि मुलगा खेळून दमतो त्यासही व्यायाम म्हणतो. शब्द एकच, पण एकाच्या चेहऱ्यावर घाम असतो आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर घामाबरोबर हसूही असते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट नोंदीची. चित्रफीत मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रफीत मागणे म्हणजे मुलाचे घर चव्हाट्यावर मांडावयास लावणे. भिंतीचा उडालेला गिलावा, कोपऱ्यात निजलेले आजोबा, दोरीवरचे वाळत घातलेले कपडे हे सारे वर्गाने पाहावे, असे कोणत्या मुलास वाटेल? त्याऐवजी प्रत्येक मुलाने एक लहानशी वही ठेवावी. तिच्यात तीन रकाने: आज काय केले, कोणाबरोबर केले आणि कसे वाटले. शिक्षकाने ती आठवड्याने वाचावी आणि दोन ओळी लिहून परत द्यावी. शाळा बंद असेल तर पुस्तके, शिधा पोहोचतो त्याच वाटेने वहीसुद्धा येईल-जाईल.

“पण मुले वहीत खोटे लिहितील!” असे माझ्या काही सहकाऱ्यांनी म्हटले. काही लिहितीलही. पण सदरे बदलणाऱ्या त्या मुलाने मला काय कमी फसविले? पुरावा मागितला की मूल पुरावा तयार करावयास शिकते. विश्वास टाकला की निदान काही मुले त्या विश्वासास जागावयास शिकतात. व्यायाम ही मुळात दुसऱ्यास दाखविण्याची वस्तूच नव्हे. सहा नमस्कारांवरून आठवर गेल्याचा आनंद ज्याचा त्यालाच कळतो. ज्या मुलास तो कळला, त्यास शिक्षकाच्या खुणेची गरज उरत नाही. आणि ज्यास तो कळला नाही, त्यास खुणेचा उपयोगही नाही.

त्या वर्षीची माझी नोंदवही अजून कपाटात आहे. त्या मुलीच्या नावापुढच्या लाल खुणा मी खोडल्या नाहीत. पुष्कळदा वाटले, की त्यांवर पांढरी शाई फिरवावी. पण मग वाटले, त्या खुणा तिच्या नव्हेत, माझ्या आहेत. गैरहजर ती नव्हती. तिच्या घरी मी गैरहजर होते. ती आता शाळा सोडून गेली आहे. पण दर जूनला वेळापत्रक लिहावयास घेतले, की तिचे ते वाक्य मला आठवते.

म्हणून शाळेकडे माझी विनंती आहे, की येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती अशी एक वही द्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर वरील योजना छापावी. खर्च थोडा आहे. आणि तुम्हांस, माझ्या मित्रमैत्रिणींनो, एवढेच सांगणे आहे: आभाळ फुटल्यासारखा पाऊस कोसळेल आणि शाळेस सुट्टी असल्याचे कळेल, त्या सकाळी फोन क्षणभर बाजूस ठेवा. चटई अंथरा. सहा नमस्कार घाला. मग आपल्या बहिणीच्या हातातील कळशी घ्या, खेपा वाटून घ्या, आणि काम संपले की दोघांनी हात गुंफून एक फुगडी घाला. आजीला मोजावयास बसवा. वहीच्या तिसऱ्या रकान्यात काय लिहावयाचे, ते मग कोणी सांगावे लागणार नाही.